आयव्हसनला विचारून

सेल्चुक, तुर्कस्तान
८ एप्रिल १९९३

प्रिय कथबर्ट,

पोचले एकदाची. माझी बॅग मात्र दुसऱ्याच विमानानं फिरायला गेली होती, ती आज सकाळी आली. तोवर मी नर्मीनबाईंच्या झग्यात हिंडले. नर्मीनबाई म्हणजे मी उतरलेय त्या घराच्या मालकीण. त्यांना इंग्रजी येत नाही, मला तुर्की येत नाही, तरी त्यांनी माझी पुरती चौकशी केली. सदुसष्ट वर्षांची बाई एकटी हिंडते म्हणजे घरच्यांनी हाकलून दिलेली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. त्यामुळे सकाळी माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा एक अंडं जास्त असतं.

थॉर्नबेकच्या शाळेत आयुष्यभर मी खडूनं फळ्यावर जो रस्ता काढत आले, त्या प्राचीन एफेसस शहराच्या रस्त्यावर परवा उभी होते. संगमरवरी फरशी, आणि फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. मी बूट काढून चाकोरीत पाय ठेवला आणि थोडी रडले. आजूबाजूला सगळे जर्मन होते, ते कुणाला सांगायला जाणार? मग एक वाटाड्या ग्रंथालयापाशी वाट्टेल ते ठोकून देत होता, त्याच्या चुका मी सुधारल्या. त्यानं मला विचारलं, बाई, तुम्ही रिकाम्या आहात का, माझी दुपारची टोळी घेता का? मी जवळजवळ हो म्हणाले होते.

तुम्ही दोघं नवराबायको यायला हवे होतात. मी अजून रागावलेली आहे. सगळं ठरलं होतं, एल्सीनं उन्हाळी टोपीसुद्धा घेतली होती, आणि ऐन वेळी तू म्हणालास, घरात कामं आहेत. दुकान विकून सहा वर्षं झाली तुला, कसली कामं रे? बागेतली गाजरं उपटायची होती का?

एल्सीला माझं प्रेम. पुढचं पत्र मिलासच्या पोस्टात पाठव, तिथे माझ्या नावानं ठेवतात.

तुझी,
हेस्टर

---

थॉर्नबेक, यॉर्कशायर
१९ एप्रिल

प्रिय हेस्टर,

पत्र मिळालं. गाजरं एप्रिलमध्ये उपटत नाहीत, हे तुला सदुसष्टाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं.

इकडे एक भानगड झालीय आणि त्यात तुझी गरज आहे, म्हणून लगेच लिहितोय. एमस आयव्हसन गेला तेव्हा त्याचं शेत लीड्सच्या कुणा प्रेंटिसनं घेतलं, ते तुला माहीत आहे. या प्रेंटिसनं मागच्या महिन्यात आमच्या बागेमागच्या फाटकापासून ओढ्याकाठानं दगडी पुलापर्यंत जाणारी वाट बंद केली. फाटकाला काटेरी तार गुंडाळली आणि वर पाटी लावली, खाजगी. मी जाऊन बोललो. माणूस तसा वाईट नाही, चहा दिला त्यानं. पण म्हणतो, सरकारी नकाशावर ही वाट नाही, आणि मी इथे शांतता विकत घेतलीय.

नकाशावर ती खरंच नाही. जेव्हा नकाशे केले तेव्हा गावात कुणाला वाटलंच नाही की ही वाट कागदावर चढवायला हवी. पण जिल्हा कचेरीतल्या मिस बॅनिस्टर म्हणतात, वीस वर्षं लोक उघडपणे, भांडणतंटा न करता चालत आलेत असं दाखवता आलं, तर वाट सगळ्यांची होते. १५ जूनला गावाच्या सभागृहात सुनावणी आहे. गावातल्या बऱ्याच जणांनी लेखी जबाब दिलेत. तुझ्याइतकं त्या वाटेवर कुणी चाललेलं नाही, आणि तुझ्या शब्दाला वजन आहे, निम्मं गाव तुझ्या हातची छडी खाऊन मोठं झालंय. तेव्हा मास्तरीणबाई, बस आणि लिही.

एल्सी बरी आहे. हल्ली थोडं विसरते. वय झालं.

कथबर्ट

---

मिलास
२९ एप्रिल

प्रिय कथबर्ट,

वाट बंद म्हणजे काय, कमालच झाली. कायद्यानं जे होईल ते होईलच, पण तू एवढा घायकुतीला का येतोस ते कळलं नाही. तुझं अक्षर बघ, शब्द ओळीवरून घसरलेत. तोवर एल्सीला घेऊन वरच्या टेकडीवरून जा ना. चढ आहे खरा, पण वर गेल्यावर सगळं खोरं दिसतं, आणि आत्ता कोकरं झाली असतील. नाहीतर मोटारीच्या रस्त्यानं फिरा. तुम्हा पुरुषांना एकच वाट लागते, ती गेली की जग बुडतं.

तुझं काम केलं. तुझ्यामार्फत पाठवण्यात वेळ गेला असता म्हणून थेट मिस बॅनिस्टरना लिहिलं, स्वच्छ अक्षरात, तीन पानं. लिहिलं की शाळेत रुजू झाल्यापासून मी आठवड्यातून निदान तीनदा त्या वाटेनं गेले, पोरांना पानंफुलं दाखवायला नेलं, कधी कुणी अडवलं नाही. आणि हेही लिहिलं की मी काही उगाच दुसऱ्याच्या शेतात घुसणारी बाई नव्हे. दर वसंतात संत्र्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन मी आयव्हसनच्या दाराशी जायचे, रीतसर विचारायचे, आणि श्री. आयव्हसन दर वर्षी मोठ्या मनानं परवानगी द्यायचे. प्रेंटिसलाही कळू दे, आमच्याकडे माणसं कशी वागतात.

काल प्रिएने नावाचं जुनं, पडकं शहर पाहिलं. एवढा उभा चढ, की मध्ये तीनदा बसले. वर पाइनच्या झाडांत देवळाचे खांब, आणि माणूस एकही नाही. सभेच्या जागी दगडी बाकांवर मी एकटी बसले आणि वर्गात हजेरी घेतात तशी मोठ्यानं हजेरी घेतली. सगळे गैरहजर. तू असतास तर हसला असतास.

एल्सी विसरते म्हणजे काय? मी कालच चष्मा कपाळावर ठेवून खोलीभर शोधत होते. तिला सांग, काळजी करू नकोस.

हेस्टर

---

थॉर्नबेक
१० मे

हेस्टर,

तू बुडवलंस.

तुला कळायचं कारण नाही, कारण मी तुला अर्धाच कायदा लिहिला होता. लोक उघडपणे चालले पाहिजेत, भांडून नाही, आणि तिसरी अट, कुणाची परवानगी न घेता. परवानगी घेऊन चाललात तर ते मालकाच्या मेहरबानीवर चालणं, हक्कानं नव्हे. ही अट मी लिहिली नाही, कारण माझ्या स्वप्नातही आलं नाही की त्या वाटेवर पाय टाकायला कुणी परवानगी मागत असेल. आम्ही कुणीच मागितली नाही. अख्ख्या गावात एकटी तू, मुरंबा घेऊन.

प्रेंटिसच्या वकिलानं तुझी तीन पानं वाचली आणि त्याला घबाडच मिळालं. मिस बॅनिस्टरनी मला फोनवर सांगितलं, तो म्हणणार आहे, गावातली सगळ्यात शिकलेली बाई दर वर्षी विचारत होती आणि मालक दर वर्षी हो म्हणत होता, म्हणजे सगळं गाव त्याच्या मेहरबानीनं चालत होतं. बाकीच्यांचे जबाब त्यापुढे फिके.

आता तुला खरं सांगतो, कारण तू टेकडीवरून जा म्हणालीस ते माझ्या डोक्यात गेलं.

एल्सी थोडं विसरत नाही. गेल्या हिवाळ्यापासून ती घरातच हरवते. स्वयंपाकघरातून मला हाक मारून विचारते, आई कधी येणार? डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं, तू ओळखशीलच. म्हणून आम्ही आलो नाही. तुझी आयुष्यभराची हौस होती, तिच्यावर पाणी कशाला फिरवू, म्हणून सांगितलं नाही.

एकच जागा होती जिथे ती आपली एल्सी असायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती त्या ओढ्याकाठच्या वाटेनं रोज गेली आहे. घरात तिला माझं नाव आठवत नसलं, तरी त्या वाटेवर रानलसणीपासून बांधावरच्या इवल्याशा निळ्या फुलापर्यंत सगळ्यांची नावं घेत चालायची. परत यायची ती शांत होऊन. मी त्या एका तासावर दिवस काढायचो.

आता ती सकाळी कोट घालते, बूट घालते, फाटकाशी जाते आणि तारेसमोर उभी राहते. मला विचारते, आपलं फाटक कुणी बांधून टाकलं? मी तिला वळवून आणतो. दुसऱ्या सकाळी परत. मोटारींच्या रस्त्यावर ती घाबरून रडते, आणि टेकडी तिच्यानं चढवत नाही. कधी कधी वाटतं, पकड घेऊन ती तार तोडून टाकावी. पण मग भांडण केल्यासारखं होईल, आणि उरलंसुरलंही जाईल.

मला तुझ्यावर ओरडायचं नव्हतं. पण ओरडायला दुसरं कुणी नाही.

कथबर्ट

---

मिलास
२० मे

कथबर्ट,

पत्र आत्ता मिळालं. पोस्टाच्या पायरीवरच बसून वाचलं. तू मला सांगितलं नाहीस याचा मला भयंकर राग आलाय, आणि मी जे लिहिलं त्याचा त्याहून जास्त. मी विमानाच्या तिकिटाची चौकशी करते. एल्सीला टेकडीवर ने म्हणाले मी. देवा.

हे.

---

मिलास
२२ मे

प्रिय कथबर्ट,

तिकीट अजून घेतलेलं नाही. आधी हे नीट वाच, आणि सावकाश वाच, कारण मी दोन दिवस डोकं खाजवून हे लिहितेय.

काल राहवेना म्हणून लाब्राउंडाच्या जुन्या रस्त्यानं निघाले. मिलासहून डोंगरातल्या देवळाकडे पूर्वी यात्रा जायची तो हा रस्ता. अजून जागोजागी मोठमोठ्या दगडी फरश्या दिसतात, मध्येच मातीत गडप होतात, मध्येच कुणाच्या तरी ऑलिव्हच्या बागेतून निघतात. एका बागेत एक म्हातारी झाडाखाली शेंगा सोलत बसली होती. रस्ता तिच्याच झाडांमधून जात होता. मी थांबले, खुणेनं विचारलं, जाऊ का? माझी सवय, तुला माहीत आहे, कुणाच्या बागेत न विचारता पाय पडत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. आपल्या छातीवर हात ठेवून तिनं नाही अशी मान हलवली, म्हणजे हे माझं नाही, आणि मग रस्त्याकडे हात करून वरपासून खालपर्यंत फिरवला, जणू सगळे येतात नि जातात. पुढे तिनं थोडं चिडूनच हात झटकला. चल, चल. तिच्या शेंगा राहिल्या होत्या.

आणि मला एमस आयव्हसन दिसला. अगदी समोर. तसाच हात झटकणारा.

कथबर्ट, त्यानं मला कधीच परवानगी दिली नाही. एकदाही नाही. पहिल्या वर्षी मी दाराशी उभी राहून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय विचारताय बाई? वाट माझी आहे होय? माझ्या आज्याच्या आधीपासून लोक चालतायत. जायचं तर जा, नाहीतर घरी बसा, मला दूध काढायचंय." आणि दार लावून घेतलं. मुरंबा मात्र घेतला. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, शब्द थोडे इकडचे तिकडचे. मला तो इतका उर्मट वाटायचा, पण मी माझा रिवाज सोडला नाही. जबाब लिहिताना मी विचार केला, माणूस मेलाय बिचारा, त्याची उद्धट उत्तरं सरकारी कागदावर कशाला? म्हणून मी लिहिलं, मोठ्या मनानं परवानगी द्यायचे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणून.

आता सांग, मालक स्वतः म्हणत होता की वाट माझी नाही, लोकांची आहे. हे परवानगीच्या उलट झालं की नाही? मी मिस बॅनिस्टरनाही लिहिलंय, त्याचे शब्द जसेच्या तसे, उर्मटपणासकट. वकील म्हणेल बाईनं जबाब फिरवला. म्हणून तू एक कर. नेलीकडे, एमसच्या बायकोकडे जा. ती त्याच्या मागे स्वयंपाकघरात असायची, तिनं ऐकलं असणार. एल्सीला घट्ट धर माझ्या वतीनं.

हेस्टर

---

थॉर्नबेक
१७ जून

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र १ जूनला आलं. मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग एल्सीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, एमसचा चेहराच तसा, त्याला पोटाचं दुखणं होतं. आयव्हसन तिच्या डोक्यात अजून आहे, बघ.

नेली आता तिच्या मुलीकडे शहरात राहते. नव्वदीला आलीय, कान कमी, बाकी सगळं ठणठणीत. मी काहीच शिकवलं नाही तिला, नुसतं विचारलं, हेस्टर दर वर्षी दाराशी यायची तेव्हा एमस काय म्हणायचा? नेली हसायलाच लागली. मी म्हटलं, हे तुम्ही सुनावणीत सांगाल का? ती म्हणाली, गाडी पाठव.

परवा सुनावणी झाली. सभागृहात बसायला जागा नव्हती. वकिलानं तुझा पहिला जबाब वाचला, मोठ्या मनानं परवानगी, दोनदा वाचला. मग तुझा दुसरा वाचला आणि म्हणाला, बाईंना आता सोयीचं आठवलंय. मिस बॅनिस्टरनी नेलीला खुर्ची दिली. तिनं हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"दर वर्षी यायची ती. आणि दर वर्षी ती गेली की हा तासभर धुसफुसायचा. म्हणायचा, ही मास्तरीण मला त्या वाटेचा मालक करायला का बघतेय? ती वाट माझ्या बापाची नव्हती, माझी नाही. उद्या कुणी म्हणेल, वाट आयव्हसनचीच होती, तो लोकांना अडवू शकत होता. ही शाळेत शिकवते तरी काय?"

वकिलानं विचारलं, मग मुरंबा का घ्यायचे? नेली म्हणाली, मुरंबा चांगला असायचा म्हणून.

लोक हसले. मी हसलो नाही, मला हसताच येईना, मी रुमाल शोधत होतो. प्रेंटिस पुढच्या रांगेत होता. त्यानं वकिलाला कोट धरून खाली बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही. मिस बॅनिस्टर म्हणाल्या, निकाल लिहून येईल, वेळ लागेल.

किती वेळ, ते विचारायचा धीर झाला नाही. एल्सी आज सकाळीही फाटकाशी गेली होती.

आणि ऐक, तू परत यायचं नाहीस. अंताल्याला जायचं म्हणत होतीस ना, तिथे जा, पत्र तिथेच पाठवेन. एवढी वर्षं फळ्यावर काढलंस, ते सगळं बघूनच ये. इथे मी आहे.

कथबर्ट

---

थॉर्नबेक
२६ जून

प्रिय हेस्टर,

कचेरीचा कागद अजून आलेला नाही, वर्षभरही लागेल म्हणतात. पण काल सकाळी मी चहा ओतत होतो आणि बागेमागून खडखड ऐकू आली. जाऊन पाहतो तर प्रेंटिस हातमोजे घालून स्वतःच तार काढत होता. पाटी आधीच उपटून भिंतीला टेकवली होती. मला बघून कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "वकील म्हणत होता अजून लढता येईल. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्या बाईपुढे मला लढायचं नाही." मग म्हणाला, फाटक तेवढं लावून घेत जा, माझ्या मेंढ्या आहेत. मी म्हटलं, लावू. एवढंच बोललो. तुझ्यासारखं सुंदर बोलायला सुचलं नाही, पण मी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला.

एल्सी कोट घालून मागे येऊन उभी होतीच. तिनं फाटक उघडलं, आत गेली आणि ओढ्याकडे बघत थांबली. इतक्या दिवसांत गवत कमरेएवढं झालंय, पायाखालची वाट दिसत नव्हती. मला भीती वाटली की आता तिला ओळख पटणार नाही. मी फाटकाबाहेरच उभा राहिलो, तिला घाई होऊ नये म्हणून.

ती वळली. माझ्याकडे बघितलं, आणि हेस्टर, तिनं मला ओळखलं नाही, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. पण चेहरा इतका प्रसन्न होता. तिला वाटलं कुणी परका माणूस आहे, फिरायला आलाय आणि आत यायला बिचकतोय.

"या ना," ती म्हणाली. "इथे कुणाला विचारावं लागत नाही."

मी म्हटलं, "आभारी आहे, बाई." आणि तिच्या मागून चालायला लागलो. पुलापर्यंत तिनं मला एकेका झाडाचं नाव सांगितलं.

तुझा,
कथबर्ट